स्टॉर्मविंडमधली पहिली संध्याकाळ

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममधलं पात्र कायम पळत असतं. राक्षस मारायचा असो की टपालपेटीतून पत्र काढायचं असो, वेग तोच. चालायचं असेल तर वेगळी सोय आहे. कीबोर्डच्या उजव्या हाताला आकड्यांच्या कळा असतात, त्यांतली तिरक्या रेघेची कळ एकदा दाबायची. वर्षानुवर्षं हा गेम खेळणाऱ्या कित्येकांना ही कळ ठाऊक नसते, कारण त्यांचं तिच्यावाचून काही अडत नाही. पण युरोपातल्या ‘आर्जंट डॉन’ सर्व्हरवर संध्याकाळी स्टॉर्मविंड शहराच्या ओल्ड टाउन भागात जाऊन पाहा. दगडी गल्ल्यांतून माणसं सावकाश चालताना दिसतील. कुणी कालव्याच्या कठड्याला टेकून उभं असेल, कुणी दारात बसून गप्पा मारत असेल. ही रोलप्ले करणारी मंडळी. नवख्याने सगळ्यात आधी शिकायचं ते हे चालणं. पात्र चालायला लागलं की आपल्याला शहर दिसू लागतं, आणि इतरांनाही कळतं की हा माणूस घाईत नाही, याच्याशी बोलायला हरकत नाही.

रोलप्ले म्हणजे गेमने नेमून दिलेल्या कामगिऱ्या आणि लूट बाजूला ठेवून, आपलं पात्र त्या जगात खरोखर राहतंय असं धरून वागणं आणि बोलणं. संहिता नसते, दिग्दर्शक नसतो. कोकणातल्या दशावतारात नटांना आख्यान तेवढं सांगितलेलं असतं आणि संवाद रंगमंचावर, समोरच्याचं ऐकून, तिथल्या तिथे सुचतात. इथे तर आख्यानही ठरलेलं नसतं, आणि पाहणारा प्रत्येक जण स्वतःही कुठली ना कुठली भूमिका घेऊन उभा असतो. म्हणूनच या प्रकरणात मी पात्र कसं रचायचं यापेक्षा समोरच्याला जागा कशी द्यायची यावर जास्त बोलणार आहे. माझ्या मते रोलप्लेचं खरं कसब तिथे आहे, आणि नवखे लोक हमखास अडखळतात तेही तिथेच.

थोडा मागचा धागा. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. चार वर्षांनी, 1978 मध्ये, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा कॉम्प्युटर गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्रं नव्हती, नुसती अक्षरं होती, पण अनेक माणसं एकाच वेळी एकाच काल्पनिक जागेत वावरू शकत होती. 1989 च्या ‘टायनीमड’सारख्या जगांमध्ये गुण मिळवण्यापेक्षा बोलण्याला आणि नव्या जागा रचण्याला महत्त्व आलं. आपलं पात्र काय करतंय हे तृतीय पुरुषी वाक्यात लिहून दाखवायची पद्धत अशाच अक्षरी जगांमध्ये मुरली. 23 नोव्हेंबर 2004 ला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ अमेरिकेत आणि पुढच्या फेब्रुवारीत युरोपात सुरू झाला, तोवर ही सवय इतकी रुजली होती की ब्लिझर्ड कंपनीने रोलप्लेसाठी सुरुवातीपासूनच वेगळे सर्व्हर ठेवले. आज त्यांतले सर्वांत गजबजलेले दोन म्हणजे युरोपातला आर्जंट डॉन आणि अमेरिकेतला मून गार्ड.

यांतला कुठला निवडायचा हे घड्याळ पाहून ठरवा. आर्जंट डॉनवर खरी वर्दळ मध्य युरोपच्या वेळेनुसार रात्री आठच्या पुढे असते. पुण्यात किंवा नागपुरात बसून खेळणाऱ्यासाठी ते हिवाळ्यात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा होतात. लंडन किंवा फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हीच वेळ जेवणानंतरची म्हणून सोयीची पडते. मून गार्डची संध्याकाळ आपल्याकडे सकाळ असते, म्हणजे सुट्टीच्या दिवशी ती जमू शकते. पैशांचं म्हणाल तर विसाव्या पातळीपर्यंत हा गेम फुकट खेळता येतो. फुकट खात्यावर गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, जाता येत नाही, इतरही बंधनं असतात, पण शहरात फिरून चार माणसं कशी बोलतात हे पाहायला तेवढं पुरतं. भाषेची धास्ती बाळगू नका. आर्जंट डॉनवर इंग्रजीत लिहितात खरं, पण लिहिणाऱ्यांत नॉर्वेचे, नेदरलँड्सचे, पोलंडचे लोक भरपूर असतात. साधं, छोटं वाक्य तिथे अडत नाही. उलट अलंकारांनी फुगवलेल्या परिच्छेदाला उत्तर काय द्यायचं हेच लोकांना सुचत नाही.

आता पात्र. नवख्याचं पहिलं पात्र बहुधा असं असतं: राजघराण्यातला हरवलेला वारस, अंगात अर्धं ड्रॅगनचं रक्त, आईबाप मारले गेलेले, शंभर लढाया जिंकलेला आणि कुणाशी न बोलणारा. यातला प्रत्येक धागा पात्राला इतरांपासून तोडतो. वारसाला कुणाची गरज नाही, अजिंक्य माणसाला कुणी मदत करू शकत नाही, आणि न बोलणाऱ्याशी तर बोलणंच खुंटतं. पात्र लहान ठेवा. त्याला एक पोटापाण्याचा उद्योग द्या, आज संध्याकाळी हवी असलेली एखादी गोष्ट द्या आणि इतरांना सहज दिसेल अशी एखादी खोड द्या. बाकीचं खेळता खेळता सापडत जातं.

त्यासाठी गेमच्या जगाचा इतिहास, म्हणजे खेळाडू ज्याला ‘लोर’ म्हणतात तो, थोडा वाचावा लागतो. सगळा वाचायची गरज नाही. एक कोपरा नीट माहीत असला तरी पुष्कळ. स्टॉर्मविंडचंच उदाहरण घेऊ. त्या जगातल्या पहिल्या युद्धात ऑर्क टोळ्यांनी हे शहर जमीनदोस्त केलं. पुढे पाथरवटांच्या संघाने, एडविन व्हॅनक्लीफ याच्या नेतृत्वाखाली, ते पुन्हा उभं केलं. काम झाल्यावर सरदारांनी मजुरी द्यायला नकार दिला. दंगल उसळली, तीत राणी टिफिनचा जीव गेला, आणि हाकलून दिलेले पाथरवट शेजारच्या वेस्टफॉल प्रांतात जाऊन डेफायस नावाची बंडखोर टोळी बनले. गेममध्ये नवखा खेळाडू सुरुवातीच्या काळात ज्या लाल रुमालवाल्या दरोडेखोरांना मारतो ते हेच. बहुतेक जण हे वाचतही नाहीत, कामगिरी उरकून पुढे जातात. मला मात्र हा या गेममधला सगळ्यात सुपीक तुकडा वाटतो, कारण त्यात राजे आणि जादूगार बाजूला राहतात आणि बुडालेली मजुरी मधोमध येते.

समजा आपलं पात्र अशा एका पाथरवटाची मुलगी आहे. नाव मेरेल. बाप वेस्टफॉलमध्ये वारला. ती शहरात आली आहे, भिंतींची डागडुजी करते. ज्या बुरुजावर बापाने काम केलं होतं तो नेमका कोणता, हे तिला शोधायचं आहे. सरदारांचा विषय निघाला की ती गप्प होते. बस्स. एवढ्यावर चार महिने खेळता येतं. तिला काम देणारा कुणी भेटेल, जुना पाथरवट भेटेल, तिच्यावर डेफायसची हस्तक म्हणून संशय घेणारा पहारेकरी भेटेल. यांतला प्रत्येक जण दुसऱ्या कुणा खेळाडूचं पात्र असेल आणि मेरेलच्या गोष्टीत त्याला शिरायला दार असेल. हरवलेल्या वारसाच्या गोष्टीत असं दार शोधून सापडत नाही.

पात्राची माहिती इतरांना दिसावी म्हणून ‘टोटल आरपी 3’ नावाचं, गेमला वरून जोडायचं, अ‍ॅडऑन वापरतात. ते बसवलेल्या खेळाडूने तुमच्या पात्रावर माऊस नेला की त्याला पूर्ण नाव आणि व्यवसाय दिसतो, आणि प्रोफाइल उघडलं की तुम्ही लिहिलेलं वर्णनही. त्यात ‘पहिल्या नजरेत’ दिसणाऱ्या गोष्टींसाठी पाच जागा असतात. या जागा कशा भरल्या आहेत यावरून माणूस किती खेळला आहे ते मला चटकन कळतं. नवखा लिहितो, ‘तिच्या मनात खोल दुःख दडलेलं आहे.’ दडलेलं आहे तर ते पाहणाऱ्याला दिसणार कसं? आणि ‘हिचा बाप डेफायस होता’ असं तिथे लिहिलं, तर जे गुपित महिन्याभराच्या ओळखीनंतर कुणाच्या तरी कानात सांगायचं ते चौकातल्या प्रत्येकाने आधीच वाचलेलं असतं. दिसतं तेवढंच लिहा. बोटांच्या पेरांवर चुन्याने भाजल्याचे पांढरे डाग. शहरातल्या पोरीच्या मानाने फार जड बूट. कमरेला छिन्नी, पण तलवार नाही. अशी एक छिन्नी दिसली की समोरच्याला विचारायला प्रश्न मिळतो, आणि पहिल्या भेटीत त्याला तेवढंच हवं असतं.

आता प्रत्यक्ष खेळ. ओल्ड टाउनमध्ये ‘पिग अँड व्हिसल’ नावाची खानावळ आहे. नवख्याला जायला बरी जागा, कारण खानावळीत कुणी कुणाशी का बोललं याला कारण लागत नाही. आत जा, बसा. बसण्यासाठी, मान झुकवण्यासाठी, हात हलवण्यासाठी गेममध्ये तयार आज्ञा आहेत. पण खरं काम ‘इमोट’ करतो. तिरकी रेघ, मग इंग्रजी ई हे अक्षर, आणि पुढे आपण लिहू ते. गेम त्याच्या आधी पात्राचं नाव जोडतो आणि जवळ उभ्या असलेल्यांना ते वाक्य वेगळ्या रंगात दिसतं. ‘मेरेल पेला उचलण्याआधी हाताची धूळ मांडीवर झटकते.’ एका संदेशात 255 अक्षरं मावतात. ही मर्यादा मला वरदान वाटते. तेवढ्यात एक कृती आणि एक वाक्य बसतं, आणि पुढची पाळी आपोआप समोरच्याची होते.

शेजारच्या टेबलावरचा पहारेकरी म्हणतो, ‘आजकाल वेस्टफॉलहून कोणीही उठून येतं.’ मेरेलला राग यायला हवा. नवख्या खेळाडूच्या बोटांतून लगेच उतरतं: ‘मेरेल झेप घेऊन त्याच्या तोंडावर ठोसा मारते, त्याचे दोन दात पडतात आणि तो जमिनीवर कोसळतो.’ याला खेळाडू ‘गॉडमोडिंग’ म्हणतात आणि रोलप्लेच्या जगात याहून मोठा उद्धटपणा क्वचितच असेल. दात दुसऱ्याचे आहेत. ते पडले की नाही हे त्याने ठरवायचं. तुम्ही लिहायचं ते इतकंच: ‘मेरेल उठते आणि त्याच्या जबड्याच्या रोखाने मूठ फिरवते.’ आता चेंडू त्याच्याकडे. तो वाकून हुकवेल, मनगट पकडेल किंवा खरंच दात गमावेल, आणि गमावले तर ते त्याने स्वतःहून तुम्हाला दिलेले असतील. चांगले खेळाडू हरायला फार तत्पर असतात. ठोसा खाऊन पडणाऱ्याभोवती पाच जण गोळा होतात आणि गोष्ट पुढे सरकते. लढाई खरोखर रंगली तर दोघेही ‘रोल’ची आज्ञा देतात. गेम 1 ते 100 मधला एक आकडा काढतो, ज्याचा मोठा त्याची सरशी. अनोळखी माणसाशी हाच मार्ग न्याय्य.

दुसरा दोष याचाच भाऊ. पहारेकऱ्याच्या प्रोफाइलमध्ये तुम्ही वाचलं की तो कर्जात बुडाला आहे. हे तुम्हाला कळलं, मेरेलला कळलेलं नाही. तिने त्यावरून टोमणा मारला तर ते ‘मेटागेमिंग’. खेळाडूचं ज्ञान आणि पात्राचं ज्ञान यांच्यामध्ये भिंत घालणं सवयीने जमतं. स्वतःला एकच प्रश्न विचारत राहायचा: हे तिला कुणी सांगितलं?

पात्र म्हणून बोललेल्याला ‘आयसी’ म्हणतात आणि खेळाडू म्हणून बोललेल्याला ‘ओओसी’. दुसऱ्या प्रकारचं बोलणं दुहेरी कंसात लिहायची पद्धत आहे, आणि शक्यतो ते खाजगी संदेशातून करावं. दाराची बेल वाजली, दूध उतू गेलं, तर कंसात तसं कळवून उठावं. न सांगता मध्येच पुतळ्यासारखं उभं राहिलात तर समोरचा दहा मिनिटं तुमच्या उत्तराची वाट पाहत बसतो. नवखे आहात हे सांगायलाही कंस वापरा. टोटल आरपीमध्ये स्वतःला नवखा म्हणून दाखवायची सोय आहे आणि ती पाहून मुद्दाम येऊन बोलणारी माणसं आर्जंट डॉनवर आहेत.

एक गंमत जाता जाता. अलायन्स आणि होर्ड या दोन पक्षांना एकमेकांची भाषा कळत नाही. ऑर्किश बोलणाऱ्या होर्डच्या खेळाडूने हसण्याचं ‘लोल’ टाईप केलं तर अलायन्सवाल्याला ते ‘केक’ असं दिसतं. त्यामुळे शत्रूशी बोलायचं तर गेममधल्या तयार खाणाखुणांवर भागवावं लागतं. एखाद्या जंगलात ट्रोल शिकाऱ्याबरोबर अर्धा तास नुसत्या हातवाऱ्यांवर मासे भाजून खाण्यात जी मजा आहे ती पुष्कळ संवादांना येत नाही.

आता जरा जपून बोलायची गोष्ट. पात्राच्या भावना खेळाडूत झिरपतात. पात्राचा अपमान झाला तर आपला हात कीबोर्डवर थरथरतो. पात्राचं कुणावर प्रेम बसलं तर कधीकधी आपलंही बसतं. उत्तर युरोपातल्या लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष समोरासमोर खेळायच्या, रोलप्लेच्या वर्तुळात याला ‘ब्लीड’ म्हणतात. ही विकृती नव्हे, मन लावून खेळल्याची खूण आहे, पण दुसऱ्याच्या मनात काय झिरपलं हे आपल्याला पडद्यावरून दिसत नाही. म्हणून छळ, मृत्यू, शृंगार असा प्रसंग येताना दिसला की आधी कंसात विचारावं, आणि ‘नको’ आलं तर कारण न मागता पडदा पाडावा. शृंगारिक खेळाचं आमंत्रण घेऊन अनोळखी माणूस आला तर नवख्याने सरळ नकार द्यावा. समोर किती वर्षांची व्यक्ती आहे हे कळायला मार्ग नसतो. त्रास दिलाच कुणी, तर दुर्लक्षाची आणि तक्रारीची सोय गेममध्ये आहे, ती वापरायला बिलकूल संकोच नको.

या झिरपण्याची दुसरी बाजू मात्स स्टीन या नॉर्वेच्या तरुणाच्या आयुष्यात दिसते. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. या आजारात स्नायू हळूहळू काम सोडून देतात. तो चाकाच्या खुर्चीत होता आणि शेवटी शेवटी त्याला फक्त बोटंच थोडीफार हलवता येत. 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा एकटा होता, जगला नाही, नुसता गेम खेळत राहिला असं आईवडिलांना वाटत होतं. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी मृत्यूची बातमी टाकली आणि युरोपभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला. आर्जंट डॉनवर ‘स्टारलाइट’ नावाच्या गिल्डमध्ये इबेलिन रेडमूर या पात्राच्या रूपाने तो वर्षानुवर्षं वावरत होता. आपल्या आजाराबद्दल त्याने तिथे फार काळ कुणाला सांगितलं नव्हतं. अंत्यविधीला वेगवेगळ्या देशांतून गिल्डची माणसं आली. बेंजामिन री या दिग्दर्शकाने त्याच्यावर केलेला माहितीपट 2024 मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. गिल्डने इबेलिनच्या जुन्या संवादांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांतून त्याचं गेममधलं आयुष्य ॲनिमेशनने पुन्हा उभं केलं आहे.

या माहितीपटाबद्दल बोलताना लोक बहुधा मैत्रीबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे. मला त्यात रोलप्लेचं कसबही दिसतं. इबेलिन लोकांना आठवतो तो त्याने मारलेल्या राक्षसांसाठी नव्हे. तो ऐकत असे. गिल्डमधल्या एका आईला आपल्या ऑटिस्टिक मुलाशी बोलणं जमत नव्हतं. मुलगा ज्या गेममध्ये रमतो त्याच गेममध्ये त्याला भेट, हे तिला सुचवणारा मात्स होता. हे नुसतं पात्र चांगलं रचल्याने होत नाही. खानावळीत बसलेल्या माणसाचं वाक्य पूर्ण वाचायचं आणि मग उत्तर लिहायचं, हे वर्षानुवर्षं केलं की होतं.

तेव्हा पहिल्या आठ-पंधरा दिवसांच्या भटकंतीनंतर गिल्ड शोधा. रस्त्यावरच्या भेटी रंगतात, पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं सापडतील याची खात्री नसते, आणि गोष्टीला पुढचा दिवस लागतो. शहराचे पहारेकरी, व्यापारी तांडे, चर्चचे सेवक, चोरांच्या टोळ्या, बुटक्यांचे लोहारखाने अशी गिल्डं असतात. नुसतं जाहिरातीवर जाऊ नका. ती मंडळी चौकात खेळत असताना जवळ उभे राहून पाहा. नेत्याचंच पात्र प्रत्येक प्रसंगात मधोमध असेल तर पुढे जा. एखादं नवखं पात्र अडखळत दोन शब्द बोलतंय आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबलेत असं दिसलं, तर तिथे अर्ज करा. मुलाखत बहुधा आयसीच होते, म्हणजे तुम्ही नव्हे, तुमचं पात्र मुलाखतीला जातं. मेरेल पहारेकऱ्यांच्या ठाण्यावर भिंत दुरुस्तीचं काम मागायला जाईल, आणि कुणीतरी तिला विचारेल की ही छिन्नी कुणाची.